उपवासाचे पदार्थ, पहिला मजला

"चपला इथंच काढायच्या काय हो?"

मी मागं वळून पाहिलं. माझ्या मागं कुणी नव्हतं, म्हणजे बाईंनी मलाच विचारलं होतं. सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी त्या उभ्या होत्या. साठी ओलांडलेल्या, फिकट हिरवं सुती पातळ, हातात दुकानाची निळी टोपली. दुसरा हात त्या जिन्याच्या काळ्या पट्ट्यापर्यंत नेत होत्या आणि परत मागं घेत होत्या, तवा तापलाय की नाही बघावं तशा.

"नाही, चपला घालूनच जातात," मी म्हणालो. "असं वाटतं."

"वाटतं म्हंजे? तुम्ही गेला न्हाई अजून?"

"नाही."

"मग इथं उभं राहून काय करताय?"

दुकान सुरू झाल्यापासून मी रोज दुपारी तिथं येत होतो आणि जिन्याशेजारी लावलेली सूचना वाचत होतो. लहान मुलांचा हात धरा, पदर सांभाळा, पिवळ्या रेषेच्या आत उभे राहा. सूचना पाठ झाली होती. पाय काही उचलला नव्हता. तळमजल्यावरचा बिस्किटांचा एक पुडा घ्यायचा आणि घरी जायचं, असा माझा क्रम पडला होता.

"साबुदाणा वर हाय म्हणतात," बाई म्हणाल्या. "उद्या माझा सोमवार. चला, दोघं जाऊ. पडलो तर दोघं पडू. एकट्यानं पडलं की लोक हसतात."

आम्ही गेलो. पडलो नाही. पहिल्या मजल्यावर पोचल्यावर त्यांनी वाकून शेवटच्या पायरीकडे हात केला आणि तो कपाळाला लावला.

"जोतिबा चढून आल्यागत वाटलं," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मीही हसलो असेन. अक्का गेल्यापासून कुणाबरोबर हसण्याचा प्रसंग आला नव्हता, त्यामुळे ते नीट जमलं की नाही कोण जाणे.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मी लग्न केलं नाही. म्हणजे कुणाला विचारायचं धाडस झालं नाही, आणि तिच्या बाबतीत जुळून आलं नाही. आम्ही दोघं इचलकरंजीत एका घरात म्हातारे झालो. मी वाचनालयात नोकरी केली, तिनं घर सांभाळलं. वाचनालयात बोलण्याची मनाई असते, ते माझ्या पथ्यावरच पडलं. बाजारहाट सगळा अक्काकडे. ती गेल्यावर पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलो, तर फळीपाशी बायकांची ही गर्दी. दुकानदारानं सगळ्यांच्या डोक्यांवरून ओरडून विचारलं, "बोला सर, काय देऊ?" सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मला तूरडाळ हवी होती. मी आगपेटी घेऊन परत आलो.

म्हणून हे नवं दुकान मला देवानं धाडल्यासारखं वाटलं. यंत्रमागांची एक जुनी शेड पाडून त्या जागी तीन मजले उभे केले होते. आत गार हवा. सगळ्या वस्तू मांडून ठेवलेल्या, हातानं घ्यायच्या, कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. वाचनालयासारखंच. फरक एवढाच, की पुस्तकं लावायला डोकं वापरलेलं असतं आणि इथं वस्तू कुणी कशा लावल्या होत्या ते समजत नव्हतं.

गावात तर पहिले काही आठवडे दुसरा विषय नव्हता. "साखर खाली, चहा दुसऱ्या मजल्यावर आणि दूध रस्त्यापलीकडं," एक बाई जिन्यावरून मोठ्यानं म्हणत चालल्या होत्या. "एका कपासाठी एवढी यात्रा करायची?" त्यांच्या मैत्रिणीनं वरून हाक मारली, "अगं, उदबत्त्या कुठं ठेवल्यात बघ! फिनेलच्या बाटल्यांशेजारी! देव आणि संडास एका पंगतीला!" एक म्हातारेबुवा तेलाची रिकामी किटली घेऊन तिन्ही मजले फिरले. सुटं तेल मिळत नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग एवढं मोठं बांधलं कशाला?" जिना फक्त वर जाणारा होता. उतरायला दुसऱ्या टोकाला साध्या पायऱ्या, त्याही बादल्या-टोपल्यांच्या गर्दीतून. "वर नेतात, खाली यायचं तुमचं तुम्ही बघा," असं त्यावर लोक म्हणायचे आणि हसायचे.

आणि हे सगळे मला विचारायचे.

का, ते मला तेव्हाही कळलं नाही. पांढरा शर्ट, दोरीला अडकवलेला चष्मा आणि रिकामे हात, यामुळे मी तिथला माणूस वाटत असेन. "ओ काका, मोहरी?" "दुसरा मजला, मसाल्यांच्या मागची रांग." "राजगिऱ्याचं पीठ?" "पहिला मजला, मैद्याच्या खाली, वाकावं लागेल." पहिल्या दिवशी मी नुसतं बोटानं दाखवलं. महिनाभरात मी लोकांच्या पुढं चालायला लागलो. सगळं आयुष्य लोकांना हवं ते पुस्तक काढून दिलं होतं. डाळ-तांदूळ त्याहून अवघड नव्हते. दुपारी चार वाजले की मी शर्ट बदलायचो. अक्काच्या फोटोकडे बघून म्हणायचो, "येतो ग." असं मी नोकरीवर जातानाही कधी म्हटलं नव्हतं.

त्या बाई दर रविवारी यायच्या. मला शोधत यायच्या, असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. पण मी ज्या मजल्यावर असेन तिथं त्या थोड्या वेळानं दिसायच्या.

"साबुदाणा कुठं गेला हो या खेपेला?"

दुकानवाले वस्तू सारख्या हलवायचे हे खरं होतं. साबुदाणा आधी शेवयांशेजारी होता, मग सुक्या मेव्याकडे गेला, मग परत शेवयांकडे आला. मी त्यांना घेऊन जायचो. जिन्यावर त्या माझ्या एक पायरी पुढं उभ्या राहायच्या आणि मागं न बघता बोलायच्या.

"आमचे दोन माग होते," एकदा त्या म्हणाल्या. "घराला लागूनच. चाळीस वर्षं खटाखट ऐकत झोपले. हे गेले, मग पोरानं माग विकले. आता झोपच येत न्हाई बघा. एवढं शांत असतंय, घड्याळ काढून कपाटात ठेवलं तरी ऐकू येतंय."

"मुलगा इथंच असतो?"

"पुण्याला. चल म्हणतोय. तिथं बाराव्या मजल्यावर काय करू?" जिना खालून एका लयीत घरघरत होता. त्यांनी पट्ट्यावर हात ठेवला होता आणि आता तो मागं घेत नव्हत्या. "ह्याचा आवाज बरा हाय. मागागत."

"मला वाटायचं शांतता बरी," मी म्हणालो. "वाचता येतं."

"वाचून झाल्यावर?"

वर पोचलो. साबुदाण्याचा पुडा त्यांच्या टोपलीत ठेवला. "येते," म्हणून त्या गेल्या. मी दुसऱ्या एका बाईंना गूळ दाखवायला वळलो, आणि परत येताना मला दिसलं, की त्या साबुदाण्याचा पुडा जागेवर ठेवतायत. विचार बदलला असेल, असं मला वाटलं. त्यांना कळू नये म्हणून मी मसाल्यांच्या मागं उभा राहिलो.

मी त्यांचं नाव विचारलं नव्हतं. रोज ठरवायचो. कसं विचारायचं याची वाक्यं घरी म्हणून बघायचो. "आपलं नाव काय?" हे फार पोलिसी वाटायचं.

मग एक दिवस मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावलं. कोठावळे आडनावाचा तरुण माणूस होता, नाशिककडचा. समोरची खुर्ची दाखवली, पण मी बसलो नाही.

"काका, तुम्ही नक्की कुठल्या कंपनीकडून येता?"

"मी? कुठल्याच नाही."

"रोज येता. दोन-दोन तास फिरता. बिल बिस्किटांच्या पुड्याचं. आणि आमच्या गिऱ्हाइकांशी बोलता. काय बोलता?"

"ते विचारतात, वस्तू कुठे आहे. मी सांगतो." माझे कान तापले होते. "येऊ नको का?"

तो खो-खो हसला. "बसा हो काका. मला वाटलं, पलीकडच्या दुकानानं माणूस पेरलाय." त्यानं चहा मागवला. "तुम्हाला विचारतात? मला वाटायचं, लोकांना सापडत नाही म्हणून ते परत जातात. वरून रोज फोन येतो, दुसऱ्या मजल्यावर विक्री का नाही. आणि एक मला कळत नाही. दर शनिवारी मी दारात तेलाचे डबे स्वस्तात लावतो. बायका तोंड फिरवून जातात. रविवारी तोच डबा जास्त पैसे देऊन नेतात!"

"शनिवारी आपल्याकडं तेल घरात आणत नाहीत," मी म्हणालो. "आपल्याकडं म्हणजे बरीच माणसं. अक्का आणायची नाही."

त्यानं कपाळावर हात मारला. "नाशकात माझी आई आणत नाही! माझ्या डोक्यातच आलं नाही!"

मग आम्ही पुष्कळ बोललो. मी पुष्कळ बोललो, असं म्हणायला हवं. मी सांगितलं, की तुमच्या कंपनीनं पीठ पिठात आणि दाणे दाण्यात ठेवलेत, पण घरात बाई तशी बघत नाही. तिच्या मनात उपवासाचं एक कपाट असतं. साबुदाणा, वरई, राजगिरा, शेंगदाणे, शिंगाड्याचं पीठ, सैंधव सगळं एकत्र. देवाचं एक. चहाचं एक. बाळंतिणीचं एक, डिंक-खारीक-अळीव. तो ऐकत होता. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझं मत कुणी चहा देऊन विचारलं नव्हतं.

"झकास," कोठावळे म्हणाला. "लावतो तसं. पण लोकांना ते कळणार कसं? प्रत्येक मजल्यावर सांगायला माणूस ठेवू, की मोठ्या पाट्या लावू? तुम्ही सांगाल ते."

मला विचार करावा लागला नाही. "पाट्या," मी म्हणालो. "लोकांना विचारायला लागू नये. विचारणं फार अवघड असतं."

"कुणाला?"

"सगळ्यांनाच," मी म्हणालो.

पाट्यांचा मजकूर मी केला. निळ्या फळ्यांवर हातभर पांढरी अक्षरं, छतापासून साखळीनं टांगलेली. 'उपवासाचे पदार्थ.' 'देवघर.' 'चहा, साखर, दूध पावडर.' उदबत्त्या फिनेलपासून सुटल्या. बायका पाटी वाचायच्या आणि सरळ तिथं चालू लागायच्या. "आता कसं घरच्यासारखं वाटतंय," असं एकीला म्हणताना मी कानांनी ऐकलं, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बरण्यांच्या काचेत स्वतःचं तोंड बघून घेतलं.

त्या दुपारी मला कुणी काही विचारलं नाही. हे माझ्या लक्षात आलं, पण मी त्याचा आनंदच मानला. पुस्तकं नीट लावलेली असली की ग्रंथपालाकडे कुणी येत नाही, हीच त्याची पावती.

रविवार आला. मी पहिल्या मजल्यावर माझ्या पाटीजवळ उभा होतो. जिन्यावरून त्या वर आल्या. तेच हिरवं पातळ. सरळ चालत आल्या आणि पाटीच्या बरोबर खाली येऊन थांबल्या. त्यांच्या डोक्यावर ती अक्षरं होती. समोर, हात पुढं केला असता तर लागले असते असे, साबुदाण्याचे पुडे होते.

"साबुदाणा कुठं ठेवलाय हो आता?" त्यांनी मला विचारलं.

मी हसलो. छाती भरून आली होती, आणि मी बोटानं वर दाखवलं.

"वर बघा ना. पाटी लावलीय. आता कुणाला विचारायला नको."

त्यांनी मान वर केली. बराच वेळ पाटीकडे बघत राहिल्या.

"कुणी लिवलं?"

"मी. म्हणजे रंगवलं पेंटरनं, मजकूर माझा."

"चांगलं हाय," त्या म्हणाल्या. मग हळू आवाजात, "आता कुणाला विचारायला नको."

त्यांनी एक पुडा उचलला, टोपलीत ठेवला आणि पलीकडच्या पायऱ्यांनी खाली गेल्या. 'येते' म्हणाल्या नाहीत. माझं लक्ष पाटीकडे होतं; डावीकडची साखळी जरा आखूड झाली होती आणि फळी तिरकी दिसत होती, ते कोठावळेला सांगायला हवं होतं.

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी मात्र रोज जात राहिलो. तिन्ही मजले फिरायचो, पाट्यांखालून. लोक वर बघत चालायचे आणि मला चुकवून पुढं जायचे. तरीही चार वाजता शर्ट बदलत होतो. अक्काला 'येतो' म्हणणं बंद झालं होतं, कारण कुठं जातो हे मला सांगता आलं नसतं.

शेवटी बिस्किटांचं बिल करताना मी बिलावरच्या मुलीला विचारलं. रेश्मा तिचं नाव, ते तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर लिहिलेलं असायचं, त्यामुळे मला माहीत होतं. विचारायला तीन दिवस गेले.

"त्या एक बाई यायच्या. रविवारी. हिरवं पातळ, साबुदाणा न्यायच्या."

"तोडकर काकू?" रेश्मा म्हणाली. "त्या रविवारीच कशाला, रोज यायच्या की. सकाळी दुकान उघडलं की हजर. तुमच्यासारखंच! बायका त्यांनाच विचारायच्या, हे कुठंय, ते कुठंय. आम्ही म्हणायचो, सकाळपाळी काकूंची, दुपारपाळी काकांची."

मी पुडा हातात धरून उभा राहिलो. मागच्या माणसानं टोपली पुढं सरकवली.

"त्यांना ठाऊक होतं? साबुदाणा कुठं असतो ते?"

"काका, आम्हाला सापडायचं नाही तेव्हा आम्ही त्यांना विचारायचो!" ती हसली. "आणि रविवारी दोनदा यायच्या. मी चेष्टा करायची, काकू, सकाळी नेला की साबुदाणा, परत काय काम काढलंय? तर म्हणायच्या, तुला काय करायच्या गं चौकशा, तू आपलं बिल कर." मग तिनं माझ्याकडे नीट बघितलं असावं, कारण तिचा आवाज बदलला. "पाट्या लागल्यावर सकाळचं यायचं बंद झालं त्यांचं. करणार काय येऊन, कोण विचारतंय? आठवडी बाजाराच्या मागं राहतात त्या. जुन्या मागांच्या गल्लीत."

मी गेलो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. दोन-तीन वळणं घेऊन ती गल्ली सापडली. एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या बंद शेडी. दूर कुठंतरी अजून एक-दोन माग चालू होते, त्यांची खटाखट अंगावर न येता नुसती ऐकू येत होती. गल्लीत मात्र काही नव्हतं. इतकी शांतता, की माझ्याच चपलांचा मला संकोच वाटला. सगळी दारं सारखी. म्हणायचं वाक्य मी वाटेत पक्कं केलं होतं: "मीठ कुठं असतं हो दुकानात? मला सापडत नाही." चांगलं वाक्य होतं. त्या हसल्या असत्या.

एक बाई दारात धुणं वाळत घालत होत्या. त्यांनी मला दोनदा इकडून तिकडे जाताना पाहिलं.

"कुणाकडं आलाय?"

तोडकरांकडे. एवढंच म्हणायचं होतं. पण त्या विचारतील, तुम्ही त्यांचे कोण? मी त्यांचा कोण होतो?

"कुणाकडं नाही," मी म्हणालो. "रस्ता चुकलो."

"अवो, मग सरळ जावा आणि डाव्या हाताला वळा," त्या म्हणाल्या. "पुढं चौकात पाटी हाय."

काकूंना मुलगा पुण्याला घेऊन गेला, असं दिवाळीच्या सुमारास रेश्माकडून कळलं. बाराव्या मजल्यावर.

या गोष्टीला आता आठ-नऊ वर्षं झाली. कोठावळेची बदली झाली, रेश्माचं लग्न झालं. पाट्या अजून आहेत. निळा रंग उडालाय. माझी फळी अजून तिरकीच आहे. ती साखळी कुणी सारखी केली नाही, मीही सांगितलं नाही. मी अजून जातो. गुडघ्यांमुळे रोज नाही, पण जातो.

परवा, एकादशीच्या आदल्या दिवशी, पहिल्या मजल्यावर एक गृहस्थ दिसले. माझ्याच वयाचे, इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन, काखेत घडी घातलेलं वर्तमानपत्र. पाटीच्या बरोबर खाली उभे होते. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि मग घसा साफ करून मला म्हणाले,

"माफ करा हं. वरई कुठं मिळेल?"

वरई त्यांच्या कोपराला लागत होती.

मी वर पाहिलं नाही. चष्मा दोरीवर सोडून दिला आणि त्यांच्या हातातली टोपली घेतली.

"चला, दाखवतो," मी म्हणालो. "जरा लांब आहे."